बांगडी चढेना, तेव्हाच हात दाखवा

पत्र थोडक्यात: परभणी जिल्ह्यातल्या एका गावातून हे पत्र आलंय. लिहिणाऱ्या ताई ४६ वर्षांच्या. गेल्या वर्षी त्यांना डाव्या स्तनाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. केमो झाली, रेडिएशन संपून चार महिने झाले, आता रोजची हार्मोनची गोळी चालू आहे. दिवाळीनंतर त्या कापूस वेचायला जाऊ लागल्या तसा डावा हात संध्याकाळी जड पडायला लागला. सकाळी उठल्यावर बरा असतो. आता त्या हातात बांगडी चढत नाही आणि ब्लाउजची बाही दंडाला रुतते. डॉक्टर म्हणाले, "थोडी सूज राहतेच." घरी सासू, म्हणजे ताईंच्या आत्याबाई, रोज रात्री गरम तेल लावून हात रगडून देतात. भाच्यानं मोबाइलवर 'लिम्फॅटिक ड्रेनेज'चे, म्हणजे सूज उतरवायच्या हलक्या मालिशचे व्हिडिओ दाखवले आणि शहरातल्या एका केंद्रात चौकशीही केली. आठवड्यातून दोनदा यायचं, दहा बैठकांचे पंधरा हजार. शेजारीण म्हणते, चोळून घेऊ नको, कॅन्सर अंगभर पसरेल. ताई विचारतात: "माझ्या दुखण्यापायी आधीच घर धुऊन निघालंय. जीव वाचला हेच खूप. आता हातासाठी परत पैसे मागू, का गप बसू? आणि चोळल्यानं खरंच पसरतो का?"

*

ताई,

तुमच्या शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं आधी देऊन टाकते. गप्प बसू नका. आणि शिकून, हलक्या हातानं केलेल्या मालिशनं कॅन्सर पसरतो याला काही आधार नाही. कातडीवरून हात फिरला म्हणून कॅन्सरच्या पेशी उठून दुसरीकडे जात नाहीत. मात्र मालिशच्या आधी तुमचा हात, काख आणि छातीची जागा डॉक्टरांनी हात लावून तपासायला हवी. हात सुजायला इतरही कारणं असतात. कधी काखेत पुन्हा कॅन्सरची गाठ झालेली असते, कधी शिरेत रक्ताची गुठळी अडकलेली असते, कधी कातडीत जंतू शिरलेले असतात. तुमची सूज संध्याकाळी चढते आणि रात्रीतून उतरते, त्यावरून ती काखेतल्या गाठी काढल्यानंतर येणारी सूज असावी असं वाटतं. डॉक्टर तिला लिम्फेडीमा म्हणतात. पण पत्र वाचून मी ते ठरवू शकत नाही, आणि फोनवरून भाच्याला "या, करून देऊ" म्हणणाऱ्या केंद्रानंही ठरवू नये.

ही सूज येते कशी, ते समजलं की पुढचं सोपं जातं. रक्तातलं थोडं पाणी आणि प्रथिनं रोज शिरांबाहेर झिरपतात. ते पाणी गोळा करून परत नेणाऱ्या बारीक नळ्या कातडीखाली सगळीकडे असतात. हाताकडच्या नळ्या काखेत मुळातच असणाऱ्या छोट्या गाठींमधून पुढे जातात. त्या गाठी काढल्या, वरून रेडिएशन झालं, की वाट अरुंद होते. हात रोजच्यासारखा राबत राहतो, पाणी तेवढंच येत राहतं आणि जायला जागा पुरत नाही. काखेतल्या गाठी पूर्ण काढलेल्या साधारण पाचातल्या एका बाईला कधी ना कधी ही सूज येते. कुणाला महिन्यात येते, कुणाला काही वर्षांनी. ज्यांच्या एक-दोनच गाठी तपासणीसाठी काढतात, त्यांच्यात हे प्रमाण बरंच कमी असतं. म्हणून ऑपरेशनच्या कागदावर किती गाठी काढल्या ते लिहिलेलं असतं, तो कागद जपून ठेवा.

एक गैरसमज आपल्याकडे फार आहे, तोही बोलून टाकते. नांदेड, लातूर, धाराशिवकडे हत्तीरोग जुना आहे, त्यामुळे सुजलेला हात पाहिला की लोक तेच नाव घेतात. हत्तीरोग डासातून येणाऱ्या जंतांमुळे होतो. तुमच्या हाताचा त्याच्याशी संबंध नाही. तुमची सूज कुणाला लागत नाही, आणि हत्तीरोगाच्या गोळ्यांनी उतरणारही नाही. लघवीची गोळी घेऊनही ही सूज उतरत नाही. पाणी थोडं हलतं, प्रथिनं तिथंच राहतात आणि हात पुन्हा भरतो. मेडिकलवाल्यानं दिली तरी ती मनानं घेऊ नका.

आता तुमच्या त्या वाक्याकडे येते: जीव वाचला हेच खूप. ताई, हे वाक्य मराठवाड्यातल्या कितीतरी बाया म्हणतात. घरच्यांनी खर्च केला, धावपळ केली, म्हणून आता आपण आणखी काही मागायचं नाही, हा हिशेब त्या मनातल्या मनात करतात. मला तो मान्य नाही. तुम्ही हातासाठी काही वेगळं मागत नाही आहात. ही सूज त्याच आजाराच्या उपचारातून आली आहे, तिच्यावरचा इलाज हा त्या उपचाराचाच राहिलेला भाग आहे. केमो अर्ध्यावर सोडली असती तर घरच्यांनी ओरडून नेलं असतं ना? आणि हिशेबच करायचा तर पुरता करू. आज अंगठ्यानं दाबलं की खळगा पडत असेल आणि हात वर ठेवला की सूज उतरत असेल, तर ती परतवण्याजोगी आहे. वर्ष-दोन वर्षं तशीच सोडली की आतली कातडी जाड होते, चरबी साठते, आणि मग हात वर ठेवून काही होत नाही. जंतू शिरून ताप आला की दवाखान्यात भरती व्हावं लागतं. खर्च खरा तेव्हा होतो. आज जे लागेल ते त्याच्यापुढे थोडकं आहे.

"थोडी सूज राहतेच" असं डॉक्टर म्हणाले, यावर मी रागावणार नाही. त्यांचं लक्ष कॅन्सर परत येतो का यावर असतं आणि ओपीडीत रांग मोठी असते. पण बांगडी चढत नाही हे तुम्ही त्यांना सांगितलंत का? पत्रात तसं दिसत नाही. पुढच्या वेळी रिकाम्या हातानं जाऊ नका. शिंप्याकडे असते तशी टेप घ्या. मनगट, कोपर, कोपराखाली दहा सेंटीमीटर आणि कोपरावर दहा सेंटीमीटर अशा चार जागा दोन्ही हातांवर मोजा आणि वहीत तारखेनिशी लिहा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळेला, शक्यतो संध्याकाळी. उजव्यानं काम करणाऱ्या बाईचा उजवा हात थोडा भरलेला असतो, त्यामुळे किंचित फरकानं घाबरायचं नाही. पण एकाच जागी दोन सेंटीमीटरच्या वर फरक आला, किंवा दर आठवड्याला वाढत चालला, तर ती वही डॉक्टरांपुढे ठेवा. "जड वाटतंय" याला डॉक्टर मान हलवतात, आकड्याकडे मात्र बघावंच लागतं.

मग ती दहा बैठकांची थेरपी घ्यायची का? माझं मत स्पष्ट आहे: त्या रूपात नको.

मालिश खोटी आहे म्हणून नव्हे. एमिल व्होडर या डॅनिश माणसानं आणि त्याच्या बायकोनं १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये ती बसवली, आणि आज जगभरच्या कॅन्सर रुग्णालयांत फिजिओथेरपिस्ट ती करतात. पण तिथं ती एकटी कधीच नसते. पूर्ण उपचारात चार गोष्टी हातात हात घालून चालतात: हलकी मालिश, हाताला थरांनी बांधायची पट्टी किंवा घट्ट बाही, व्यायाम आणि कातडीची निगा. या चारांत सगळ्यात जास्त काम पट्टी करते. २०१५ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं तोवरचे अभ्यास एकत्र करून पाहिले. नुसत्या पट्टीनंच सूज सुमारे ३० टक्के किंवा त्याहून जास्त उतरलेली होती, आणि मालिश जोडल्यावर त्यात आणखी साधारण ७ टक्क्यांची भर पडली. ज्यांची सूज कमी, त्यांना मालिशचा उपयोग अधिक. म्हणजे तुमच्यासारख्यांना फायदा आहेच. पण आठवड्यातून दोनदा कुणी हात चोळून देतं आणि पट्टी न बांधता एसटीत बसवून देतं, तर परभणी येईपर्यंत हात पुन्हा भरलेला असेल. सूज जास्त असेल तर हा उपचार रोज, दोन ते चार आठवडे सलग करतात. मग रोजची बाही लागते. तुमच्यासारख्या सुरुवातीच्या सुजेला बऱ्याचदा बाही, व्यायाम आणि स्वतः शिकलेली मालिश एवढ्यावरच भागतं.

त्या केंद्राला भाच्याकरवी एवढं विचारा. तुम्ही लिम्फेडीमाचं काम शिकलाय का? आधी दोन्ही हात मोजता का? पट्टी बांधता का? मालिश मला आणि घरच्यांना शिकवाल का? कॅन्सरच्या डॉक्टरांची चिठ्ठी मागता का? उत्तरं नीट आली तर पैसे दोन-तीन बैठकांचेच द्या, आणि त्या शिकण्यासाठी वापरा. "दहा बैठकांत कायमचं बरं करतो" म्हणाले तर जाऊ नका. ही सूज ताब्यात राहते, चांगली राहते, पण कायमची गेली असं वचन कुणी देऊ शकत नाही. हवेच्या दाबाचं पंपाचं मशीन हा एकमेव इलाज म्हणून कुणी पुढे केलं तर तेही नको.

आत्याबाईंचं रगडणं आजपासून थांबवा, पण त्यांना काम द्या. त्यांची माया खरी आहे, फक्त हात जोराचा पडतोय. गरम तेल, शेक आणि दाबून चोळणं या तिन्हींनी रक्त त्या हाताकडे जास्त धावतं आणि आणखी पाणी झिरपतं. बारीक नळ्या कातडीच्या अगदी खाली असतात. जोर लावला की त्या दबून बंद होतात. या मालिशमध्ये तेल नसतं, बोटं घसरत नाहीत. कोरडा तळवा कातडीवर टेकवायचा, कातडी जेमतेम ताणेल एवढी सरकवायची आणि सोडून द्यायची. तान्ह्या बाळाच्या गालाला लावतो त्याहून जास्त जोर नको. आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे क्रम. शेताला पाणी देताना पुढचा पाट गाळानं भरलेला असेल तर मागून कितीही पाणी सोडलं तरी ते फुटून वावरात पसरतं, म्हणून आपण आधी पुढचं मोकळं करतो. इथंही तसंच. आधी पोटातून पाच-सहा खोल श्वास. मग गळ्याच्या खाली, हाडाच्या वरच्या खळग्यात दोन्ही बाजूंना. मग चांगल्या बाजूची, म्हणजे तुमची उजवी काख. मग डाव्या छातीवरून उजव्या काखेकडे. एवढं झाल्यावर दंड, तोही खांद्याकडे. त्यानंतर कोपर, आणि सगळ्यात शेवटी मनगट आणि बोटं. तळहातापासून सुरुवात करून वर दाबत नेणं, जे सगळे सहज करतात, ते उलटं आहे. पंधरा-वीस मिनिटं पुरे. हे वाचून लगेच सुरू करू नका. एकदा फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली करून बघा, आत्याबाईंना सोबत न्या, आणि हात किती हलका ठेवायचा ते त्यांना स्वतःच्या दंडावर करून घेऊ द्या.

तुमच्या यजमानांनाही पट्टी बांधायला शिकवून घ्या. एका हातानं दुसऱ्या हाताला थर नीट बसत नाहीत. आणि मेडिकलमधला मुरगळीचा क्रेप बँडेज त्यासाठी चालत नाही, तो हात स्वस्थ असतानाही आवळत राहतो. याची पट्टी वेगळी, कमी ताणली जाणारी असते, ती फिजिओथेरपिस्ट सांगतात.

बाहीचं थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे ती घेऊन लोक कपाटात ठेवतात. ती मापानं घ्यायची असते. मागवून आली आणि चढवली असं करू नका. सैल असेल तर काम करत नाही, दंडाला किंवा मनगटाला रुतली तर सूज तळहातात उतरते. तळहात आधीच सुजत असेल तर हातमोज्याचा भागही लागतो. सकाळी उठल्या उठल्या, हात हलका असताना चढवायची आणि झोपताना काढायची. दोन असाव्यात, एक धुवायला, एक वापरायला. उन्हात वाळवू नका, रबर मरतं. साधारण सहा महिन्यांनी ताण जातो, मग नवी लागते. आणि एप्रिल-मेमध्ये परभणीच्या उन्हात ती नकोशी होते हे मला माहीत आहे. पण उन्हाळ्यातच हात जास्त फुगतो. दुपारी बारा ते चार सावलीत राहा आणि चुलीपुढे बसायचं असेल तर ते काम दुसऱ्या कुणाला द्या. बाही पाहून लग्नात बाया विचारतील. "ऑपरेशनच्या हाताला सूज येऊ नये म्हणून घालते," एवढं सांगितलं की बस.

आता कापूस. वेचणी पूर्ण सोडा असं मी म्हणणार नाही. रोजगार जातो आणि हात जाम होतो, दोन्ही नुकसानच. हात निजवून ठेवायचा हा सल्ला जुना झाला. २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लिम्फेडीमा असलेल्या १४१ बायांवरचा अभ्यास आला. देखरेखीखाली, हळूहळू वजन वाढवत व्यायाम केलेल्यांची सूज वाढली नाही, उलट मध्येच उसळी मारण्याचं प्रमाण कमी झालं. यातला 'हळूहळू' हा शब्द सोडू नका. ऑपरेशननंतर महिनोन् महिने घरी बसलेला हात एकदम दिवसभराच्या वेचणीला लागला, तर तो सुजणारच. अर्ध्या दिवसापासून सुरुवात करा. तासाभरानं थांबा, हात डोक्यावर नेऊन मूठ दहा-पंधरा वेळा उघडझाप करा. वेचलेल्या कापसाची ओटी डाव्या खांद्याला अडकवू नका, गाठोडं दुसऱ्यांना उचलू द्या. वेचताना आपल्याकडे बाया साडीवर पुरुषांचा लांब बाह्यांचा शर्ट घालतातच, तुम्ही डाव्या हातात मोजाही घाला. सुकलेल्या बोंडाची टोकं बोटांना, नखांच्या कडेला ओरबाडतात, आणि तिथूनच जंतू शिरतात. घरी आल्यावर हात साबणानं धुऊन, बोटांच्या बेचक्यांसह कोरडा करून खोबरेल लावा. ओरखडा दिसला तर लगेच औषध लावा. हापसायला, भाकरी थापायला हरकत नाही, फक्त दुखायला लागेपर्यंत नाही. काचेच्या बांगड्या त्या हातात सध्या घालू नका, फुटल्या की कापतात.

जायचं कुठं? आधी जिथं ऑपरेशन झालं तिथंच, आणि तिथल्या फिजिओथेरपी विभागाची चिठ्ठी मागून घ्या. नाही मिळाली तर छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, लातूरचं विवेकानंद रुग्णालय आहे, धाराशिवकडच्यांना बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय जवळ पडतं. छत्रपती संभाजीनगर आणि लातूरला फिजिओथेरपीची महाविद्यालयंही आहेत. तिथं विचारताना "काखेतल्या गाठी काढल्यानंतरची हाताची सूज" असं पूर्ण सांगा, नुसतं "हात दुखतो" म्हटलं की खांद्याचे व्यायाम देऊन पाठवतात. महात्मा जोतिराव फुले योजनेतून ऑपरेशन झालं असेल तर बाही किंवा फिजिओथेरपी त्यात बसते का, ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. एसटीला बायांना अर्धं तिकीट आहेच. उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबतच्या एकाला सवलत मिळते, त्यासाठी ठरलेल्या नमुन्यातलं डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. तेही ओपीडीतूनच घ्या.

ज्या वाचक बायांचे उपचार अजून चालू आहेत त्यांच्यासाठी थोडं. ऑपरेशननंतर जखमेतलं पाणी काढणारी ड्रेनची नळी निघून जखम भरेपर्यंत मालिश नको, पण बोटं, कोपर, खांदा हलवण्याचे सांगितलेले व्यायाम चुकवू नका. रेडिएशन चालू असताना त्या बाजूच्या कातडीला घासू नका. ती लाल, ओली झाली असेल तर हातही लावू नका. केमोत काही औषधांनी अंगालाच सूज येते, ती वेगळी, डॉक्टरांना सांगा. मालिश सुरू करण्यापूर्वी हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर तो सांगितलाच पाहिजे. वजन वाढू देऊ नका. जास्त वजन असलं की ही सूज येण्याचा धोका वाढतो, आणि हार्मोनच्या गोळीवर असताना वजनाकडे दुर्लक्ष फार होतं. सुई आणि बीपीचा पट्टा शक्यतो चांगल्या हाताला सांगा. पण अडीनडीला त्या हातावर एकदा टोचलं म्हणून घाबरून बसू नका, त्यानंच सूज येते असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

आणि ताई, एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. डावा हात अचानक लाल झाला, गरम लागला, दुखायला लागला आणि थंडी वाजून ताप आला, तर ते जंतू शिरलेले आहेत. त्या दिवशी मालिश नाही, पट्टी नाही, बाही नाही. सकाळची वाट न बघता दवाखान्यात जायचं आणि पोचल्यावर पहिलं वाक्य हे बोलायचं: "या बाजूच्या काखेतल्या गाठी काढलेल्या आहेत." प्रतिजैविकं वेळेत सुरू झाली की बहुतेक वेळा काही दिवसांत आराम पडतो. कोर्स मात्र पूर्ण घ्यायचा, ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत. हात एकदम, एका दिवसात भरून निळसर पडला किंवा दम लागला, तर गुठळीची शंका धरून त्याच वेळी मोठ्या रुग्णालयात जायचं.